जीप ते थार, व्हाया वडाप

हा भाग ऐकायला जरा लांब झालाय, म्हणून लेखी स्वरूपात इथे देतोय. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, पण भाषा बोलतानाचीच ठेवली आहे. चालवून घ्या.

विषय आहे महिंद्राची जीप. मायलेज किती, सनरूफ मिळतं का, वेटिंग किती महिन्यांचं, हे शोधत आला असाल तर तुमची निराशा होईल. मला बोलायचंय ते त्या गाडीच्या मागच्या पाऊणशे वर्षांबद्दल आणि ती ज्यांच्या हातात होती त्या लोकांबद्दल.

आधी एक शब्द बाजूला काढू. 'रांगडी गाडी' हा शब्द आपण आजकाल सर्रास वापरतो. जाहिरातीत ती डोंगरावर उभी असते, चाकांना माफक चिखल लागलेला असतो आणि ड्रोनमधून सूर्योदय दिसतो. जुन्या जीपवाल्याला विचाराल तर तो वेगळंच सांगेल. त्याच्या लेखी रांगडी गाडी म्हणजे न बिघडणारी गाडी नव्हे. जीप बिघडायची, चांगली वरचेवर बिघडायची. पण जिथे बिघडली तिथेच, दोन पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती उघडता यायची, आणि बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत घरी पोचायची. हा फरक लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

आता मागे जाऊ. जुलै १९४०. युरोपात युद्ध पेटलंय, अमेरिका अजून त्यात उतरलेली नाही, पण तिच्या सैन्याला घोडा आणि साइडकारवाली मोटरसायकल यांच्या जागी एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी आहे. सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. अट अशी की पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करायचा. बहुतेकांनी हात वर केले. अमेरिकन बँटम नावाच्या, दिवाळखोरीतून जेमतेम सावरलेल्या छोट्या कंपनीने मात्र कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने दोन-तीन दिवसांत आराखडे काढून दिले आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी मेरीलँडमधल्या छावणीत पोचली.

गाडी सैन्याला पसंत पडली, बँटम कंपनी नाही पडली. एवढा छोटा कारखाना लाखो गाड्या कुठून देणार? सैन्याने बँटमचे आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्या हाती दिले. विलीजकडे बार्नी रूस या इंजिनिअरने घडवलेलं साठ हॉर्सपॉवरचं दणकट इंजिन होतं, ते निर्णायक ठरलं. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला आल्या तीन हजारांच्या आत. ज्याने गाडी जन्माला घातली त्याचं नाव आज कुणाला माहीत नाही. 'जीप' हे नाव तरी कुठून आलं? कुणी म्हणतं 'जीपी' या अक्षरांवरून, कुणी म्हणतं पॉपायच्या कार्टूनमधल्या युजीन द जीप या प्राण्यावरून. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि आपल्याला त्यात पडायचं कारण नाही.

मुंबईचा धागा जुळतो तो इथे. कैलासचंद्र महिंद्रा युद्धाच्या काळात वॉशिंग्टनला भारतासाठी सामान मिळवणाऱ्या सरकारी मिशनचे प्रमुख होते. तिथे त्यांची बार्नी रूसशी भेट झाली, असं कंपनी आपल्या इतिहासात सांगते. परत आल्यावर २ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांनी, भाऊ जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत मुंबईत कंपनी काढली. नाव, महिंद्रा अँड मोहम्मद. धंदा पोलादाचा.

दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये थेट गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. 'एम अँड एम' छापलेले कागद आधीच पडून होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून दुसरा शब्दही 'म'चाच घेतला, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण व्यापाऱ्याच्या डोक्याला शोभणारी गोष्ट आहे.

याच सुमाराला कंपनीने विलीजची जीप भारतात जोडण्याचा परवाना मिळवला. सुटे भाग अमेरिकेतून खोक्यांत भरून जहाजाने यायचे आणि माझगावला त्यांची गाडी व्हायची. जीप भारताला नवीन नव्हती. आसाम-बर्मा आघाडीवर अमेरिकन सैन्याने ती आणलीच होती आणि युद्धानंतर ती भंगार-डिस्पोजलच्या बाजारात विकलीही गेली होती. जाता जाता, स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळासुद्धा जीपचाच. १९४८ मध्ये लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी दोनशे जीपचा सुमारे ८० लाखांचा सौदा केला, बरेच पैसे आधीच दिले गेले आणि गाड्या आल्या १५५. त्याचा महिंद्राशी संबंध नाही, पण नव्या देशाला ही गाडी किती निकडीची वाटत होती हे त्यातून कळतं.

आपल्याकडे जी जीप खऱ्या अर्थाने रुजली ती सीजे-३बी. विलीजने ती १९५३ मध्ये आणली. तिचं बॉनेट उंच. कारण साधं आहे: नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर डोक्यात बसवले, त्यामुळे इंजिन उंच झालं, ते झाकायला बॉनेटही उंच केलं. अमेरिकनांना ती कुरूप वाटली. तिकडे १९६८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आपल्याकडे मात्र याच साच्यातल्या गाड्या पुढे कितीतरी दशकं निघत राहिल्या, आधी माझगावला, मग कांदिवलीला, नंतर नाशिकला. बॉनेटच्या बाजूने, बंपरच्या बाजूने थोडे बदल, नावात आकडे बदलायचे, पण माणूस लांबूनच ओळखायचा. अमेरिकेने टाकून दिलेली गाडी आपण इतकी चालवली की ती आपलीच वाटायला लागली.

यात कौतुकासारखं सगळंच नाही. लायसन्स राजमध्ये नवं मॉडेल आणायला सवड नव्हती आणि गरजही नव्हती, कारण गिऱ्हाईक रांगेत उभं होतं. जुन्या कितीतरी जीपचं स्टेअरिंग डावीकडे असायचं! आपण रस्त्याच्या डावीकडून चालणारे, आणि ड्रायव्हरही डावीकडे. ओव्हरटेक करायचं तर शेजारी बसलेल्याने मान बाहेर काढून 'या, या' म्हणायचं. मागच्या पत्र्यावर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवलेलं असे, ते मागून येणाऱ्याला सावध करायला.

आता ही गाडी विकत कोण घेत होतं? सुरुवातीला मुख्यतः सरकार. सैन्य तर होतंच. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उडवले ते जीपवर बसवलेल्या तोफेने. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पण खेड्यापाड्यातल्या माणसाने जीप पाहिली ती सैन्याची नव्हे, ऑफिसाची. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तालुक्यांचे विकासगट झाले. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप, तहसीलदाराची जीप, फौजदाराची जीप, फॉरेस्टची जीप, आरोग्य खात्याची जीप. रस्ता नसलेल्या गावात पहिल्यांदा आलेलं चारचाकी वाहन म्हणजे यांपैकीच कुठलं तरी. देवीच्या निर्मूलन मोहिमेत लस टोचणाऱ्यांच्या तुकड्या जीपनेच फिरल्या. मे १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. बहात्तरच्या दुष्काळात कामांवर हजेरी तपासायला साहेब आले तेही जीपनेच.

म्हणून जीपकडे बघण्याची गावाची नजर दुहेरी होती. धुरळा दिसला की पोरं मागे पळायची आणि मोठी माणसं विचारात पडायची, आज कोण आलं असेल? वसुली, नसबंदी, लस, निवडणूक, पंचनामा. गाडी एकच, कामं वेगवेगळी. सरकारला चेहरा नव्हता तिथे जीपचं पुढचं जाळीदार तोंड हाच सरकारचा चेहरा होता.

खाजगी मालक हळूहळू आले. सहकारी साखर कारखान्यांचे संचालक, बागाईतदार, आडवळणाच्या गावात जाणारे डॉक्टर, रस्त्यांचे ठेकेदार. यांच्यातल्या जुन्या माणसांना जीप चालवणं म्हणजे काय असायचं हे विचारून बघा, एक तास जातो.

पहिलं म्हणजे बसणं. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली. पुढे-मागे दोन्हीकडे पोलादी पाटे, चाकं आडव्या सलग धुरीला जोडलेली, त्यामुळे एका चाकाखाली दगड आला की दुसऱ्या बाजूच्या माणसालाही कळायचं. दुसरं, हूड. कापडी, बटणं आणि पट्ट्यांनी बांधलेलं. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला जीप असणाऱ्याला माहीत असतं, बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला थांबत नाही. तिसरं, ब्रेक. चारही चाकांना ड्रम. ओढ्यातून गाडी काढली की पुढचे चार-सहा ब्रेक पाण्यातच जायचे. अनुभवी ड्रायव्हर ओढा ओलांडला की ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जायचा, ड्रम सुकवत. चौथं, स्टेअरिंगचं थडथडणं. पुढच्या धुरीतले बेअरिंग, पाट्यांचे बुश झिजले की ठरावीक वेगाला अख्खी गाडी भूत शिरल्यासारखी थरथरायची. घाबरून जोरात ब्रेक मारायचा नाही, हळू होत थांबायचं, पुन्हा निघायचं आणि गावी गेल्यावर बुश बदलायचे. याचं इंग्रजी नाव 'डेथ वॉबल' आहे. नाव ऐकून माणूस गाडीत बसायचा नाही.

आणि पाचवं, पेट्रोल. ते इंजिन २.२ लिटरचं, तहान मोठी. १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या, १९७९ मध्ये पुन्हा, आणि पेट्रोलची जीप पोसणं भल्याभल्यांना परवडेना.

इथे या गोष्टीतलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वळण आहे, आणि ते ट्रॅक्टरमुळे आलं. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून ट्रॅक्टर बनवायला घेतले होते. त्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं गेलं. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून २११२ सीसीचं डिझेल इंजिन घेतलं, ते इगतपुरीला बनू लागलं आणि १९८५ मध्ये आलेल्या एमएम ५४० मध्ये बसलं. आणि नंतर आलं ते २५२३ सीसीचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन, ज्याला सगळा महाराष्ट्र नुसतं 'डीआय' म्हणतो.

डीआयचा आवाज म्हणजे ट्रॅक्टरचाच. ताकद साठ-पासष्ट हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आजच्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही कमी. पण हे इंजिन चालायला लागतं काय? डिझेल आणि हवा. एकदा सुरू झालं की त्याला विजेचीसुद्धा गरज नाही. डिझेल पंप यांत्रिक, नोझल यांत्रिक. बॅटरी मेली तर उतारावर ढकलून सुरू करा. डिझेल संपून लाइनमध्ये हवा शिरली तर फिल्टरवरचा बोल्ट सैल करा, हातपंप दाबत राहा, बुडबुडे जाऊन स्वच्छ डिझेल आलं की बोल्ट आवळा. झालं. हे काम तालुक्याच्या प्रत्येक मेस्त्रीला येतं, ट्रॅक्टर असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला येतं, आणि गाडीवर क्लीनर म्हणून राहिलेल्या पोरालाही येतं. मी सुरुवातीला म्हटलं ना, रांगडेपणा म्हणजे जिथे बिघडली तिथे उघडता येणं, त्याचा अर्थ हा. गाडी दणकट होतीच, पण तिच्याभोवती जाणत्या हातांचं जे जाळं होतं ते जास्त दणकट होतं. ट्रॅक्टरमुळे ते आयतं मिळालं.

या डिझेलनेच वडाप जन्माला घातलं.

पश्चिम महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींसाठी: वडाप म्हणजे शेअरची जीप. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे वडाप. विदर्भ-मराठवाड्यात त्याच धंद्याची ओळख 'काळी-पिवळी'. लांब अंगाची महिंद्रा कमांडर ही तिची राणी. पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्सही त्याच रांगेत उभी असायची आणि लोक तिलाही जीपच म्हणायचे. वेळापत्रक नाही. 'भरली की सुटते' हा एकच नियम. आता भरली म्हणजे किती, हा प्रश्न कायद्याचा वेगळा आणि ड्रायव्हरचा वेगळा. कागदावर नऊ-दहा माणसं. प्रत्यक्षात पुढे ड्रायव्हरला धरून चार-पाच, मध्ये तेवढीच, मागे समोरासमोरच्या बाकांवर कोंबलेली, पाठीमागच्या पायरीवर लटकलेली पोरं, टपावर कोंबड्यांची डालगी आणि कांद्याची पोती. ड्रायव्हरचा अर्धा देह गाडीच्या बाहेर. गियर टाकायला शेजारच्या पाहुण्याने गुडघा बाजूला घ्यायचा, हे न सांगता कळलेलं.

एसटीला वडापने खूप नुकसान केलं हे खरं आहे. एसटी स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत खाजगी वाहतूक करायची नाही असा नियम, आणि दोनशेएकाव्या मीटरवर 'चला कराड, कराड, कराड' अशी हाक. अपघात झाले, माणसं गेली, हप्तेही चालले. मी वडापचं गोडवे गाणारं काही म्हणणार नाही. पण एक प्रश्न आहे. ज्या वाडीला एसटी दिवसातून दोनदाच यायची, तिथल्या मुली अकरावी-बारावीला तालुक्याला कशा गेल्या? दुधाची किटली डेअरीला, बाळंतीण दवाखान्यात, म्हातारी बाजाराला कशी गेली? एसटीचा इतिहास लिहिला गेलाय आणि तो लिहायलाच हवा होता. वडापचा कुणी लिहिला नाही, कारण ते बेकायदा होतं. या गाडीच्या नावावर आज जी पुण्याई जमा आहे तिच्यातला मोठा वाटा या टपावर माणसं घेऊन धावलेल्या जीपचा आहे, आणि कंपनीच्या कॉफी-टेबल पुस्तकात तो दिसत नाही.

ज्यांच्याकडे वडाप होतं त्यांचा हिशोबही ऐकण्यासारखा. कर्ज काढून, बहुतेकदा पतसंस्थेचं, घेतलेली गाडी. मालकच ड्रायव्हर. दिवसाला किती फेऱ्या, त्यातून डिझेल, हप्ता आणि 'वरचा खर्च' काढून उरेल ते घरी. क्लच प्लेट आणि पाटे या दोन गोष्टी सारख्या जायच्या, कारण गाडी दुप्पट वजनावर चालायची. मुख्य पाटा तुटला तर लाकडाची फळी बांधून गाडी मुक्कामाला आणली, असं सांगणारे डझनभर भेटतील.

२००० मध्ये बोलेरो आली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. बोलेरोने जीपचं काम उचललं आणि वर दरवाजे, काचा, एसी दिले. सरपंचापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळे तिच्याकडे वळले. जंगल सफारीत मारुतीची जिप्सी शिरली ती इतकी की ताडोबात लोक गाडी नव्हे, 'जिप्सी' बुक करायचे. उघडी, कापडी हूडची जीप मग कुणासाठी राहिली? हौशी लोकांसाठी.

ऑक्टोबर २०१० मध्ये आलेली थार ही या हौशींची गाडी. दिसायला आजोबाच, दाराच्या बिजागऱ्या बाहेर, कापडी छत, आत जवळपास काही नाही. पण कॉमन रेल इंजिनाचं मॉडेल शंभरावर हॉर्सपॉवरचं, आणि पुढे पाट्यांच्या जागी स्वतंत्र सस्पेन्शन. तीच तिची दुहेरी ओळख. घाटरस्त्यावर ती मायाळू झाली, पण जुने जीपवाले म्हणाले, पुढची सलग धुरी गेली म्हणजे खडकातली मजा गेली. दोघांचंही बरोबर. २०१९ मध्ये शेवटच्या ७०० गाड्या 'थार ७००' नावाने काढून तो साचा बंद झाला.

१५ ऑगस्ट २०२० ला नवी थार दाखवली आणि २ ऑक्टोबरला, कंपनीच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवशी, ९ लाख ८० हजारांपासून विक्रीला आणली. पहिल्या गाडीचा धर्मादाय कामासाठी लिलाव झाला, बोली गेली १ कोटी ११ लाखांवर. पक्कं छत, ऑटोमॅटिक गियर, पेट्रोल टर्बो इंजिन, ग्लोबल एनकॅपचे चार तारे. पाच दारांची रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला आली. आता थार घेणाऱ्यांत आयटीतली जोडपी आहेत, एकट्याने लडाख गाठणाऱ्या बाया आहेत, आणि हो, रात्री मोठ्याने गाणी लावून उलट्या दिशेने येणारेही आहेत. जीप कधी कुणी मिरवायला घेतली नव्हती असं नाही, पण ती आधी कामाला लागायची आणि मग मिरवायची.

आणि उघडायचं म्हणाल तर नव्या थारचं बॉनेट उघडून मेस्त्री फार काही करू शकत नाही. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर, सगळा कारभार सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या हाती. एक सेन्सर रुसला की गाडी स्वतःच ताकद कमी करते आणि लॅपटॉप जोडल्याशिवाय का ते सांगत नाही. धूर कमी झाला, तेल कमी लागतं, अपघातात माणूस वाचायची शक्यता कितीतरी वाढली. या बदल्यात मालकाच्या हातातला पाना गेला. मला विचाराल तर कुटुंब घेऊन जायचं असेल तर मी नवीच निवडेन. पण तिला जुन्याच अर्थाने रांगडी म्हणू नका.

या घराण्याचं एक भांडण अमेरिकेतही झालं आणि ते मजेशीर आहे. २०१८ मध्ये महिंद्राने मिशिगनमध्ये 'रॉक्सर' नावाची गाडी बनवायला घेतली. रस्त्यावर नाही, शेतात आणि रानात वापरायची. आत आपलंच अडीच लिटरचं डीआय इंजिन. तेव्हा 'जीप' हे नाव फियाट क्रायस्लरकडे होतं. त्यांनी तक्रार केली की हिचं रूप आमच्या जीपसारखं आहे. अहो, असणारच! सत्तर वर्षांपूर्वी तुमच्याच पूर्वजांनी परवाना दिला होता. महिंद्राने २००९ च्या एका कराराचाही आधार घेतला. जून २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरुद्ध गेला, तोंडवळा बदलावा लागला आणि त्या वर्षाअखेरीस बदललेल्या गाडीला मोकळीक मिळाली. गंमत अशी की हे चालू असताना फियाट क्रायस्लर स्वतःची 'जीप कंपास' कुठे बनवत होती? पुण्याजवळ रांजणगावला. माझगावची जीप डेट्रॉइटजवळ आरोपी आणि डेट्रॉइटची जीप शिरूर तालुक्यात स्थायिक.

आता थोडं आजच्या मालकांशी. दर सुट्टीत कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर एक थार रुतते, भरती येते, आणि शेवटी ट्रॅक्टर किंवा जेसीबी लागतो. पुन्हा ट्रॅक्टरच! फोर बाय फोर म्हणजे होडी नव्हे. ओल्या वाळूत चाक एकदा गोल फिरलं की ते खड्डा खणतं, चार चाकं फिरली तर चार खड्डे. वाळूत जाणारे जाणकार टायरमधली हवा उतरवतात, म्हणजे टायर पसरतो आणि वजन वाटलं जातं. पण मुळात समुद्रकिनाऱ्यावर गाडी न्यायचीच कशाला? वेळास, आंजर्ले भागात हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, ते घरटं तुम्हाला काचेतून दिसत नाही. दुसरं, डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून मिरवू नका. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, या गाडीत मध्ये तो फरक पचवणारं काही नाही, सगळा ताण गियरच्या पेटीवर जातो.

आणि जुनी जीप शोधणाऱ्यांसाठी, कारण हा प्रश्न सारखा येतो. केंद्राच्या नियमाने १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही. म्हणजे पंचायत समितीच्या आवारात चिंचेखाली उभ्या असलेल्या त्या जीप आता लिलावात नव्हे, भंगारात जाणार. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी वाढते, त्यासाठी तपासणी, फी आणि पर्यावरण कर. हरियाणातल्या मंडी डबवालीहून सजवून आणलेली चकचकीत जीप दिसली की जीभ चाळवते, पण जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार केलेली गाडी चालणार नाही. म्हणून आधी रंग बघू नका. चॅसीवर ठोकलेला नंबर बघा, तो आरसी बुकाशी ताडून बघा, इंजिन कुठलं लिहिलंय आणि बसवलंय कुठलं ते बघा. पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन घातलेलं असेल आणि आरसीवर पेट्रोलच असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी हात जोडा. पुढच्या चाकांखाली जॅक लावून चाक वर-खाली हलवा, खुळखुळ आली तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. आणि मेस्त्री बरोबर न्या, शक्यतो केस पिकलेला.

पुढच्या भागात भेटू.